फॉरमॅट करण्यापूर्वी

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आपले नाव छापून आलेले त्यांना रुचणार नाही, म्हणून त्यांना नुसते सर म्हणू. नोकरीची उमेदीची वर्षे त्यांनी मावळातल्या आडगावांत काढली. १९८४ ते १९९१ या काळात सुटीच्या दिवशी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते वाड्यावस्त्यांवर जात आणि बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेत. कोणा विद्यापीठाने सांगितले नव्हते, कोणाचे अनुदान नव्हते. गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात गेली होती, आणि ओव्या येणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, एवढे त्यांना दिसत होते. अशा चाळीस कॅसेटी त्यांच्याकडे जमल्या.

पुढे सरांची मुलगी अमेरिकेत गेली. काही वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिने महिनाभर बसून त्या सगळ्या कॅसेटी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. प्रत्येक बाजूची एक, अशा ऐंशी फाइली. प्रत्येक फाइलीला बाईचे नाव, गाव आणि साल. हे सारे तिने एका नव्या कोऱ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर भरले, डिस्क वडिलांच्या हातात दिली आणि ती परत गेली. घरातल्यांनी लागलीच माळा साफ केला. बुरशी आलेल्या कॅसेटी, त्यांच्या डब्यांतल्या पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या, सगळे भंगारवाल्याकडे गेले. आता ते ‘कॉम्प्युटरवर’ होते ना!

दोन-तीन महिन्यांनी सरांनी ती डिस्क आपल्या घरच्या संगणकाला जोडली. पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, फॉरमॅट करायची का, असे तिने इंग्रजीत विचारले. सर शिस्तीचे. यंत्र म्हणते आहे आवश्यक आहे, तर असेल आवश्यक. त्यांनी होकार दिला. पुढे ‘यावरील सर्व माहिती पुसली जाईल’ अशा अर्थाची आणखी एक चौकट आली, तिलाही त्यांनी होकार दिला, कारण प्रत्येक यंत्र आजकाल दर दोन मिनिटांनी कसलीतरी ताकीद देतच असते. अर्ध्या मिनिटात काम झाले. डिस्क उघडली. आत काहीही नव्हते.

सरांना वाटले, मुलीने चुकून रिकामीच डिस्क दिली. म्हणून त्यांनी तिच्यावर नातवाच्या मुंजीचे फोटो आणि चित्रीकरण भरून ठेवले. हा त्या दिवसातला दुसरा अपघात, आणि पहिल्याहून मोठा. तो मोठा का, हे कळायचे तर फॉरमॅट म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

फॉरमॅट या शब्दाचे आपल्याकडे सर्रास ‘पुसणे’ असे भाषांतर केले जाते. ते पूर्ण खरे नाही. ज्यांचे गावाकडे शेत आहे त्यांना सातबाऱ्यावरून ही गोष्ट चटकन कळेल. जमीन एका जागी असते आणि तिची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते. कोणत्या गटात कोणाचे क्षेत्र किती, हे दप्तर सांगते. उद्या ते दप्तर जळाले तर शेत कुठे जात नाही, बांध जात नाहीत, उभे पीकही जात नाही. मात्र ते कोणाचे, हे सांगता येत नाही. आणि दप्तर कोरे म्हणजे जमीन मोकळी असे समजून नव्या माणसाला तिथे वाटप झाले, की त्याचा नांगर जुन्या पिकावरून फिरतो. हार्ड डिस्कवर असेच एक दप्तर असते. मायक्रोसॉफ्टची सगळ्यात जुनी आणि गाजलेली मांडणी १९७७ सालची. तिचे नावच मुळी ‘फाइल अ‍ॅलोकेशन टेबल’, म्हणजे वाटपाचा तक्ता. फॅट या लघुरूपाने ती ओळखली जाते. झटपट फॉरमॅट केले की हे जुने दप्तर बाजूला पडते आणि त्या जागी नवे, कोरे दप्तर ठेवले जाते. एक टेराबाइटची डिस्क अर्ध्या मिनिटात ‘पुसली’ जाते ती अशी. एवढी मोठी डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत खरोखर पुसायला काही तास लागतात.

सरांच्या ओव्या, म्हणजे, फॉरमॅटनंतरही तिथेच होत्या. मुंजीच्या चित्रीकरणाने त्यांच्यावरून नांगर फिरवला.

पण संगणकाने फॉरमॅट करायला सांगितलेच का? डिस्क तर भरलेली होती. याचे उत्तर असे की दप्तर लिहिण्याच्या लिप्या वेगवेगळ्या आहेत. मुलीचा लॅपटॉप मॅक, वडिलांचा संगणक विंडोजवर चालणारा. मॅकची एचएफएस प्लस ही १९९८ पासूनची मांडणी असो की २०१७ मध्ये आलेली एपीएफएस असो, विंडोजला यांतली कोणतीही आपण होऊन वाचता येत नाही. मोडीतले दफ्तर बाळबोध शिकलेल्या कारकुनासमोर ठेवावे तशी गत. फरक एवढाच, की कारकून ‘मला वाचता येत नाही’ म्हणतो आणि यंत्र ‘हे दफ्तर नवे करायला हवे’ म्हणते. या दोन वाक्यांमधले अंतर सरांना चाळीस कॅसेटींएवढे पडले. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भरलेली असायला हवी अशी डिस्क जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का’ असा प्रश्न आला, तर उत्तर नाही असे द्यावे, डिस्क काढून घ्यावी आणि ती जिथे भरली गेली त्या जातीच्या संगणकाला लावून पाहावी.

ज्यांनी संगणकाशी पहिली ओळख फ्लॉपीच्या काळात करून घेतली, त्यांना फॉरमॅट या शब्दाची भीती वाटत नाही, याला कारण आहे. तेव्हा दहा फ्लॉप्यांचे खोके विकत आणले की संध्याकाळभर बसून एकेक फ्लॉपी फॉरमॅट करणे हे नित्यकर्म होते. कोऱ्या चकतीवर वर्तुळाकार पट्टे आणि त्यांचे कप्पे आखण्याचे काम तेव्हा फॉरमॅटच करी. वहीवर रेघा मारण्यासारखे ते होते. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी हा संगणक दहा मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह बाजारात आला आणि मग मात्र तोच शब्द दोन निराळ्या गोष्टींना लागू लागला. आजच्या हार्ड डिस्कवर रेघा कारखान्यातच मारलेल्या असतात. आपण घरी फॉरमॅट करतो ते दप्तराचे.

पूर्ण फॉरमॅट नावाचा प्रकारही आहे. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून तो डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहितो. त्याआधीच्या एक्सपीत पूर्ण फॉरमॅटही फक्त जागा खराब आहे का ते तपासून पाही, जुने तसेच राही. हे न कळल्याने लोक किती फसतात, याचे एक जुने उदाहरण आहे. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीच्या दोघा विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालल्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त बारा. बाकीच्यांत लोकांची पत्रे, वैद्यकीय माहिती आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. २००३ साली त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विकणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सगळे पुसूनच दिले आहे, असे वाटत असणार. सरांचा गैरसमज आणि यांचा गैरसमज एकाच नाण्याचे. डिस्क विकताना वा कोणाला देताना पूर्ण फॉरमॅट करावे. चुकून फॉरमॅट झालेली डिस्क असेल तर तिच्यावर अक्षरही लिहू नये.

इथे एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण काळ बदलला आहे. हल्ली एसएसडी प्रकारच्या, आत फिरणारी चकती नसलेल्या डिस्क स्वस्त झाल्या आहेत. त्यांच्यात ‘ट्रिम’ नावाची सोय असते. जागा मोकळी झाल्याचा निरोप मिळताच डिस्क सवडीने ती आतून खरोखर रिकामी करून टाकते. तिथे दप्तर जळाल्यावर शेतही उरत नाही. अशा डिस्कवर चुकून केलेल्या फॉरमॅटनंतर काही परत मिळेल, या भरवशावर राहू नये.

आता समजा, तुम्ही बॅकअपसाठी नवी डिस्क आणली आहे. खोक्यावर एक टेराबाइट लिहिलेले आहे आणि विंडोज ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, त्या हिशेबाने डिस्कवर एक लाख कोटी बाइट खरोखरच असतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. शेर आणि किलोचा फरक म्हणा.

खरा प्रश्न पुढचा आहे, की फॉरमॅटच्या चौकटीतल्या यादीतून काय निवडायचे. फॅट-३२ ही जुनी मांडणी जवळजवळ प्रत्येक यंत्र वाचते, अगदी मोटारीतला टेपही. तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाचे चित्रीकरण भरताना डिस्कवर ढीगभर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो तो यामुळे. विंडोजच्या त्या चौकटीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कला फॅट-३२ हा पर्याय कित्येक वर्षे मिळतच नसे, त्याचीही एक गंमत आहे. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या माजी अभियंत्याने जाहीरपणे सांगितले आहे, की ती चौकट आपण १९९४ साली एका सकाळी तात्पुरती म्हणून बनवली आणि ती मर्यादाही तेव्हाच ठरवून टाकली. तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य सरकारी कचेऱ्यांतच मोठे असते असे नाही.

एक्स-फॅट २००६ मध्ये आली. तिला चार जीबीची अडचण नाही, आणि विंडोज व मॅक दोन्ही तिच्यावर वाचतात आणि लिहितात. सरांच्या मुलीने ही निवडली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. मग सगळ्यांनी एक्स-फॅटच घ्यावी का? माझे मत विचाराल तर ने-आण करायच्या डिस्कसाठी जरूर, कायमच्या बॅकअपसाठी नाही. कारण पुन्हा दप्तराचेच आहे. आपले जुने व्यापारी आधी कीर्द लिहीत आणि मग तिच्यावरून खतावणी. खतावणी लिहिता लिहिता मध्येच दिवा गेला तरी कीर्द हाताशी असे. तिच्यावरून ताळा पुन्हा जमवता येई. १९९३ पासूनची विंडोजची एनटीएफएस ही मांडणी अशी कीर्द ठेवते. दप्तरात बदल करण्याआधी काय बदलणार आहे ते ती टिपून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा कोणाचा पाय वायरीत अडकला तरी दप्तर बहुधा सावरते. एक्स-फॅटमध्ये कीर्द नाही. बॅकअप चालू असताना केबल निघाली तर दप्तराचे पान अर्धवट लिहिलेले राहू शकते. आपल्याकडच्या विजेचा स्वभाव पाहता ही गोष्ट क्षुल्लक नाही.

तेव्हा घरात सगळे विंडोज असेल तर एनटीएफएस घ्यावी. मॅक असेल तर २००७ पासून त्याच्यात टाइम मशीन नावाची बॅकअपची सोय आहे; २०२० नंतरच्या आवृत्त्यांत ती नव्या डिस्कसाठी एपीएफएस वापरते आणि डिस्क स्वतःच फॉरमॅट करून घेते. म्हणून त्या डिस्कवर आधीचे काही ठेवलेले असू नये. मॅक एनटीएफएस वाचतो, पण आपण होऊन तिच्यावर लिहीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. चौकटीत कप्प्यांचा आकार विचारला जातो. तिथे जे आधीच निवडलेले असेल ते राहू द्यावे. मांडणी जीपीटी की एमबीआर असे विचारले तर जीपीटी म्हणावे, कारण दुसरीचा हिशेब साधारण दोन टेराबाइटपाशी संपतो. डिस्कला कुलूप घालण्याची, म्हणजे सांकेतिक रूपात माहिती ठेवण्याची सोय घेणार असाल तर तिची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. त्याच डिस्कवर किल्ली ठेवणारे सुशिक्षित गृहस्थ मी पाहिले आहेत.

आणि प्रत्यक्ष फॉरमॅट करताना घाई नको. घरातल्या बाकीच्या सर्व डिस्क आणि पेनड्राइव्ह आधी काढून ठेवावेत. समोर एकच डिस्क असली म्हणजे चुकीची निवडली जात नाही. तरीही तिचे नाव आणि आकार पाहावा. नाव ठेवताना ‘न्यू व्हॉल्यूम’ असे ठेवू नये. ‘बॅकअप – मोठा कॉम्प्युटर’ असे काहीतरी ठेवावे, आणि तेच डिस्कच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहावे. शक्य तर फॉरमॅट कोणत्या मांडणीत केले तेही लिहावे. सरांच्या डिस्कवर ‘मॅक’ एवढी दोन अक्षरे असती तरी पुरे होते.

एवढे सारे करून डिस्क नीट फॉरमॅट केली, भरली, तरी ती बॅकअप झाली असे मात्र समजू नये. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. जी एकच आहे तिला प्रत म्हणत नाहीत, ती मूळच. सरांच्या घरी नेमके हेच झाले. कॅसेटी भंगारात गेल्या त्या क्षणी ती डिस्क बॅकअप राहिली नव्हती. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने सांगितलेला एक हिशेब आता जगभर सांगितला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणाचे महत्त्व पटत नसेल तर ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाची हकीकत आठवावी. १९९८ साली पिक्सार कंपनीत कोणीतरी चुकून पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बराचसा भाग संगणकांवरून डोळ्यांदेखत नाहीसा झाला. कंपनीकडे रीतसर बॅकअप होता. तो कित्येक दिवस नीट घेतलाच जात नव्हता, हे तेव्हा उघडकीला आले. गॅलिन ससमन ही तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करत होती, म्हणून तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून कार्यालयात आणला, तेव्हा चित्रपट वाचला. बॅकअप घेतला म्हणजे झाले, असे या गोष्टीनंतर कोणी म्हणू नये. मधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी.

आपल्याला हे नवे नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत गेली, असे महानुभाव परंपरा मानते. लोकांच्या स्मरणात होते म्हणून ते पुन्हा लिहिता आले, आणि वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातून आले म्हणून पाठभेद झाले. ओव्यांच्याच बाबतीत बोलायचे तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या कागदावर उतरल्या, पुढे संगणकावर आल्या, आणि आज जगात कुठेही बसून वाचता येतात. एका माळ्यावर किंवा एका डिस्कवर त्या अवलंबून नाहीत.

आणखी एक. डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद केले. अशा विषाणूला जोडलेली डिस्क ही संगणकाचाच भाग वाटते. बॅकअप झाला की ती काढावी आणि दुसऱ्या खोलीत ठेवावी.

असो. सरांच्या डिस्कचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुलीला फोन गेला. ती पलीकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘‘बाबा, आता त्याला हात लावू नका, काही भरू नका.’’ पण मुंज भरून झाली होती. गावातला एक तरुण हरवलेली माहिती काढून देण्याचे काम करतो. त्याने आधी डिस्कची जशीच्या तशी दुसरी प्रत करून घेतली, मग त्या प्रतीवर आठवडाभर काम केले. दप्तर नव्हते, म्हणून तो शेतातच उतरला. ध्वनीच्या फाइलीची सुरुवात कशी असते हे पाहून डिस्कवर तशी सुरुवात कुठे कुठे सापडते, ते त्याच्या प्रोग्रामने शोधले. ऐंशीपैकी एकसष्ट फाइली निघाल्या. बाकीच्यांवर मुंजीतला बँड बसला होता. ‘‘काका, आवाज दिले,’’ तो म्हणाला, ‘‘नावं देता येणार नाहीत. नावं दप्तरात असतात, फाइलीत नसतात.’’

फाइलींना आता ०००१, ०००२ असे क्रमांक आहेत. त्यांच्याबरोबर एक अक्षरांची फाइलही निघाली. सरांनी १९९६ च्या सुमाराला एका छापखान्यात टंकलिखित करून घेतलेली ती कॅसेटींची यादी होती. ती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसला. त्या काळी प्रत्येक मराठी फाँटचा संकेत निराळा असे; श्रीलिपीत लिहिलेले आकृतीत वाचता येत नसे आणि युनिकोड अजून छापखान्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते. मुलीने कुठला तरी रूपांतर करणारा प्रोग्राम शोधून काढला आणि काही जोडाक्षरे वगळता यादी वाचता आली. यादीत बायकांची नावे, गावे आणि वर्षे आहेत. कोणते नाव कोणत्या आवाजाचे, ते मात्र यादी सांगत नाही. सांगू शकतील अशा बायका आता हयात नाहीत.

परवा गेलो तेव्हा सर कानाला हेडफोन लावून बसले होते. टेबलावर यादीचा छापलेला कागद आणि पेन्सिल. ओवीत बायका आपल्या भावाचे नाव घालतात, माहेरचे गाव घालतात, वाटेवरचा ओढा घालतात. त्यावरून ते ताडतात. एकसष्टपैकी तेवीस लागल्या आहेत. सदतिसावी चालू होती. त्यांनी मला एका कानाचा हेडफोन दिला. जात्याची घरघर, मागे कुठेतरी रडणारे मूल, आणि मधूनच तरुण वयातल्या सरांचा आवाज, ‘‘आजी, जरा मोठ्यानं.’’ सरांनी टेप मागे नेला, पुन्हा ऐकला, आणि यादीतल्या एका नावापुढे पेन्सिलीने सदतीस लिहून शेजारी प्रश्नचिन्ह काढले.